पलंगाखालची जागा

दाराच्या दोन्ही फळ्या काढल्या, पलंग आडवा केला, उभा केला, पुन्हा आडवा केला, शालिकरामच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, आणि एकदाचा तो सागवानी पलंग हातमागाच्या खोलीत शिरला, तेव्हा गोपिकाचा जीव भांड्यात पडला. तिथे तो फार वेळ टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. गोपिकाचा जीव मुळात भांड्यात राहणाऱ्यांपैकी नव्हताच.

"अजी, खिडकीकडून डोकं करा. धरमपेठेत तसंच आहे."

"पलंगाले कायचं डोकं?" शालिकराम अंगठा तोंडात धरून म्हणाला.

"पोरीच्या डोक्याचं म्हणून राहिली मी!"

शालिकरामनं मुकाट्यानं पलंग फिरवला. पुढची पिढी घडवणाऱ्या बाईशी वाद घालू नये एवढं त्याला कळत होतं.

पोर म्हणजे चारुशीला. शालिकरामच्या पहिल्या बायकोची, पुष्पलताची मुलगी. पुष्पलता काविळीनं गेली तेव्हा चारू सात वर्षांची होती. पुष्पलताची थोरली बहीण यमुताई धरमपेठेत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तेराव्या दिवशीच ती चारूला घेऊन गेली आणि शालिकराम अडवू शकला नाही. सहा महिन्यांनी त्यानं उमरेडच्या गोपिकाशी लग्न केलं. लग्नाला चारू आली होती. मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली, पंगत बसायच्या आधीच मावशीबरोबर परत गेली. गोळीबार चौकामागच्या त्या विणकर कोष्ट्यांच्या गल्लीनं तेवढंच पाहिलं आणि निकाल दिला, 'सावत्र आली अन् पोर गेली.' पोर सहा महिने आधीच गेली होती, पण गल्लीला हिशेब कोण विचारणार?

ते वाक्य गोपिकाच्या मनात काट्यासारखं मोडून बसलं होतं. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात यमुताईच्या नवऱ्याची भोपाळला बदली झाली, तेव्हा गोपिका आपण होऊन धरमपेठेत गेली आणि म्हणाली, "ताई, पोर आता आमच्याकडं द्या." हे अर्धं मायेनं होतं, अर्धं हट्टानं. खोटं कशाला बोला.

यमुताई म्हणाली, "हे बघ, तिला शाळेतून काढलंय. दाखला माझ्याकडे आहे. तीन आठवड्यांनी, बुधवारी मी तिला तुझ्याकडे सोडते, रविवारी संध्याकाळी येते. पोर तिथे रमली असेल तर दाखला तुझ्या हातात देईन. नाही तर सोमवारच्या गाडीनं ती आमच्याबरोबर भोपाळला येईल. आणि एकदा तिकडे गेली की मग येणं-जाणं काय, तुला माहीत आहे."

"चालते," गोपिका म्हणाली. तिथून निघताना तिनं चारूची खोली नीट पाहून घेतली. खिडकीशी पलंग, गुलाबी भिंती, पडद्यांवर बदकं, पुस्तकांना फळी, बाहुलीला वेगळी खुर्ची. घरी येईपर्यंत ती खोली तिला तोंडपाठ झाली होती.

आता शालिकरामच्या घरात खोल्या तीन. एक स्वयंपाकाची, एक बसण्या-झोपण्याची आणि एक मागाची. शालिकराम दोन वर्षांपासून कामठीला पॉवरलूमवर जात होता आणि घरातला माग तसाच उभा होता, त्यावर कोळ्यांनी आपलं विणकाम चालवलेलं. माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या मारतो. दोन-अडीच हात खोल असा तो खड्डा खोलीच्या ऐन मधोमध. गोपिका होती कोष्ट्याचीच लेक, पण तिच्या माहेरचे माग तिच्या जन्माआधीच गेले होते, वडिलांचं किराणा दुकान होतं. तिला मागाचा खड्डा दिसला तो नुसता खड्डा म्हणून. पोर पडली म्हणजे? आणि पलंग काय अधांतरी ठेवायचा?

"बुजवून टाकू," तिनं ठरवलं.

शेजारची भागीरथा म्हातारी गल्लीत अजून हातमाग चालवणाऱ्या चार-पाच घरांपैकी एक. ती दारातून म्हणाली, "माग काढावा वं, पण खड्डा बुजवत नाही कोणी."

"काहून?"

"नाही बुजवत. बस."

अशा 'बस'वर गोपिकाचा विश्वास नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शालिकराम खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्याच्या बापानं तो खणला होता, त्याची पुष्पलता त्यात पाय सोडून बसत आली होती. पण हे नव्या बायकोपुढे कोणत्या तोंडानं बोलणार? शिवाय ती हे सगळं त्याच्याच पोरीसाठी करत होती. तो मूग गिळून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "भर."

बंडीभर माती आली. खड्डा बुजला, माती ठोकून धुम्मस केली, जमीन सारवली. मागाची लाकडं मागच्या पडवीत गेली. मग पंधरा दिवस गोपिकाला दुसरं काही सुचलं नाही. भिंतींच्या चुन्यात गुलाबी रंग कालवला, तो वाळल्यावर उडदाच्या पापडासारखा निघाला, म्हणून पुन्हा एक हात दिला. संत्र्याची रिकामी खोकी आणून, घासून, एकावर एक ठोकून पुस्तकांची फळी केली. कितीही घासली तरी तिला संत्र्याचा वास राहिलाच, पण तो वाईट नव्हता. पडद्याच्या कापडावर तिनं स्वतः बदकं काढली, पिवळ्या दोऱ्यानं भरली. करायला गेली गणपती, झाला मारुती, तशी ती बदकं दुरून कावळ्यांसारखी दिसत. पिवळे कावळे. पलंग सदरच्या लिलावाच्या दुकानातला, कुणा साहेबानं बदलीच्या वेळी विकलेला, चारी खांबांना पितळी गोळे असलेला. त्यावर पायापर्यंत लोंबणारा गुलाबी पलंगपोस.

बुधवारी यमुताई चारूला घेऊन आली. खोली पाहून तिनं ओठ आवळले, पण नावं ठेवली नाहीत, यातच सगळं आलं. चारू उंबऱ्यात उभी राहिली. तिनं पलंग पाहिला, भिंती पाहिल्या, कावळे पाहिले. मग खाली जमिनीकडे पाहिलं. कितीतरी वेळ जमिनीकडेच.

"आवडली खोली?" गोपिकानं विचारलं.

"छान आहे," चारू म्हणाली. "थँक्यू."

पाहुण्यानं म्हणावं तसं ते होतं. त्यापेक्षा पोरीनं भोकाड पसरलं असतं तर गोपिकाला बरं वाटलं असतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चारू सांगितलं की जेवे, सांगितलं की न्हाई, पलंगावर काठाला बसे. एक मूठ सदा मिटलेली. गोपिकानं विचारलं, "काय आहे वं मुठीत?" तर म्हणाली, "काही नाही." शुक्रवारी शालिकरामला सुटी असते, कामठीचे मागवाले शुक्रवार पाळतात. तो दिवसभर पोरीसमोर बसून राहिला. दोघं एकमेकांकडे पाहत आणि दोघंही काही बोलत नसत. बापलेक शोभले खरे. गोपिकानं खिचडी केली, सांडगे तळले, आंब्याचा रस केला. चारूनं सगळं थोडं थोडं खाल्लं आणि प्रत्येक वेळी "बरं" म्हणाली. 'बरं' हा शब्द इतका वाईट असू शकतो हे गोपिकाला तीन दिवसांत कळलं.

रविवार उजाडला. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू होता, सकाळी आठलाच अंगणातली फरशी पाय भाजत होती. शालिकराम पहिल्या बसनं कामठीला गेला. गोपिका संध्याकाळची तयारी करत होती, म्हणजे पलंगपोसाची एक सुरकुती चौथ्यांदा काढत होती, तेवढ्यात चारूनं खिडकीशी कान देऊन विचारलं, "आज अमावास्या आहे?"

चार दिवसांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. गोपिका दचकलीच. "असंल बाई. तुले कसं समजलं?"

"भागीरथाआजीचा माग वाजत नाहीये."

खरंच की. रोज पहाटेपासून भिंतीपलीकडे खटक-खट चाललेली असे. आज सगळी गल्ली गप्प होती. अमावास्येला हातमागवाले धोट्याला हात लावत नाहीत, पॉवरलूमला मात्र अमावास्या-पौर्णिमा कळत नाही. गोपिका "हो वं, आहे अमावस" म्हणत चुलीकडे वळली, उतू जाणारं दूध उतरवलं आणि परत आली, तर खोलीत चारू नव्हती.

अंगणात नव्हती. पडवीत, न्हाणीत, गल्लीत नव्हती. गोपिकाच्या पायाखालची जमीन सरकली. सार्वजनिक विहिरीपर्यंत ती अनवाणी धावत गेली, वाकून पाहिलं, परत आली. मनात एकच, यमुताईला काय सांगू, शालिकरामला काय सांगू. त्या गुलाबी खोलीच्या मधोमध ती घामानं निथळत उभी राहिली, तेव्हा तिला खालून आवाज आला. खर्र, खर्र. उंदीर असावा तसा.

तिनं पलंगपोस वर केला. चारू पलंगाखाली पालथी पडली होती आणि चमच्यानं जमीन खरवडत होती.

गोपिका तिथेच फतकल मारून बसली. पोर सापडली या सुटकेनं तिला आधी रडूच आलं. डोळे पुसून तिनं विचारलं, "काय करून राहिली वं?"

"काही नाही." चारूनं चमचा मागे लपवला. मग म्हणाली, "माझी डबी आहे खाली."

"कोठी?"

"खड्ड्यात. कोनाड्यात." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. अमावास्येला माग बंद असे. आई खड्ड्यात पाणी शिंपडायची, वाकळ अंथरायची आणि चारूला आत सोडायची. उन्हाळ्यात तिथे गार असतं, एकदम गार. खड्ड्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात चारूची डबी, चारूची चिंध्यांची बाहुली. आई वर काठावर बसून डाळ निवडायची, पाय खाली सोडलेले. चारू त्या पायांना टेकून खेळायची, झोपायची. "ती माझी खोली होती. मी मावशीला सांगितलं होतं, माझी खोली तिकडे आहे. मावशी म्हणाली, तू खोली केली आहेस, म्हणून मी आले."

भागीरथा म्हणाली होती 'नाही बुजवत.' शालिकराम म्हणाला होता 'भर', त्या एका शब्दाला त्याला किती वेळ लागला होता तेही गोपिकाला आता आठवलं. तिला राग आला, न बोलणाऱ्या नवऱ्याचा, पूर्ण न सांगणाऱ्या म्हातारीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पोरीसाठी खोली करताना तिनं पोरीचीच खोली बुजवली होती, वर पलंग ठेवला होता.

पण संध्याकाळी यमुताई यायची होती. खोली जेमतेम दिसण्यासारखी झाली होती. गोपिका माणूसच होती. ती म्हणाली, "आज राहू दे वं. मावशी येऊन जाऊ दे. उद्या आपण काढू डबी."

"बरं," चारू म्हणाली. चमचा तिनं जमिनीवर ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

त्या 'बरं'नं गोपिकाचं काम केलं. ती उठली, पदर खोचला आणि अशा आवाजात ओरडली की अमावास्येला झोपलेली सगळी गल्ली जागी झाली, "भागीरथाबाई! फावडं आणजा! अन् घमेलं!"

म्हातारी घमेलं डोक्यावर घेऊन दारात आली. खरवडलेली जमीन पाहिली, पोर पाहिली. "सांगतलं होतं मी," एवढं म्हणण्याची संधी तिनं सोडली नाही. मग तिनंच पलंगाचं एक टोक उचललं.

आणलेला पलंग दारातून बाहेर काढायला वेळ नव्हता. तो उभा करून भिंतीला लावला, त्याचे पितळी गोळे गुलाबी चुन्यात रुतले आणि भिंतीचा पापड पुन्हा निघाला. गादी अंगणात गेली. माती पंधरा दिवसांचीच, पण धुम्मस गोपिकानं स्वतः केलेली, म्हणजे पक्की. फावडं भागीरथाकडे, खुरपं गोपिकाकडे, चमचा चारूकडे. घमेल्यांवर घमेली अंगणात रिकामी झाली. दुपारी सगळ्यांनी उभ्याउभ्या आंब्याचा रस आणि पोळी खाल्ली, चारूनं दोनदा मागून घेतला. आणि ती बोलत होती. चार दिवसांचं, कदाचित दोन वर्षांचं साठलेलं बोलत होती. "तठी नाही, इकडून खण. कोनाडा मायच्या उजव्या हाताले होता." गोपिकाच्या हातांना फोड आले आणि कमरेचे टाके ढिले झाले, पण इतकं हलकं तिला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला खुरपं पत्र्यावर वाजलं. डबी चेपली होती, गंजली होती, पण होती. चारूनं ती दगडावर आपटून उघडली. आत चार सागरगोटे. तिनं मिटलेली मूठ उघडली आणि पाचवा आत टाकला. दोन वर्षं तो धरमपेठेत राहून आला होता.

बाहुलीची मात्र माती झाली होती. चारूनं तिच्या चिंध्या थोडा वेळ हातात धरल्या. गोपिका म्हणाली, "माह्याच्यानं झालं ते. मले माफ कर वं." चारू म्हणाली, "ती जुनीच होती," आणि पुन्हा चमचा हातात घेतला.

खड्डा तळापर्यंत रिकामा झाला. भागीरथानं बादलीभर पाणी शिंपडलं, मातीचा वास उठला, आणि ती आपलं घमेलं घेऊन घरी गेली. चारू आत उतरली. नेमक्या त्याच वेळी दाराशी रिक्षा थांबली.

यमुताईनं आधी अंगणातला मातीचा ढीग पाहिला. मग उन्हात पडलेली गादी, तिच्यावर बसलेलं कुत्रं. मग खोलीत येऊन भिंतीला उभा टेकलेला पलंग, सोललेली भिंत, एका आकड्यावर लोंबणारे पिवळे कावळे, आणि हातात खुरपं घेऊन, केसांपर्यंत मातीनं भरलेली गोपिका.

"अगं, हे काय? चारू कुठे आहे?"

गोपिकानं खुरपं खड्ड्याकडे केलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला आठवलं, आज काय पणाला लागलं होतं ते. आता संपलं, असं तिला वाटलं. पण खणल्याचा पस्तावा काही केल्या होईना.

"मावशी!" खड्ड्यातून एक डोकं वर आलं. नाकावर चिखल, दातांपर्यंत हसू. "चपला काढ. माही खोली आहे!"

यमुताई जागच्या जागी उभी राहिली. या पोरीला इतक्या मोठ्यानं बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं तिनं जपून, धुऊन, केस विंचरून, इंग्रजी शिकवून जी पोर सांभाळली होती, ती ही नव्हतीच. बाहेरच्या उन्हानं तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं, खड्ड्यातून गारवा वर येत होता. तिनं चपला काढल्या, साडी आवरली आणि काठावर टेकायला लागली.

"तिथं नको बसू मावशी," चारू म्हणाली. "ती मायची जागा आहे. तू इकडून बस."

यमुताईचा चेहरा हलला. पुष्पलता तिची धाकटी बहीण होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसली. ती जागा रिकामी राहिली. गोपिकाला ते बरोबरच वाटलं. खुरपं घेऊन ती हळूच बाहेर निघाली, पुष्पलताच्या बहिणीला आणि लेकीला त्या जागेपाशी एकटं सोडावं म्हणून.

"तू कुठं चालली?" चारूनं विचारलं. तिनं गोपिकाला अजून कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती, आत्ताही मारली नाही. तिनं काठावर, उजव्या हाताला कोनाडा येईल अशा जागी, तळहातानं माती झाडली. "इथं बस नं. पाय सोड खाली."

गोपिका बसली. तिचे पाय खाली गार ओल्या मातीला लागले. चारू वळली, सागरगोटे पुढ्यात मांडले आणि पाठ गोपिकाच्या पायांना टेकून दिली. पूर्ण भार टाकून. नऊ वर्षांच्या पोरीचा भार काही कमी नसतो.

यमुताई बराच वेळ त्या दोघींकडे पाहत राहिली. सागरगोटे वर उडत होते, खाली येत होते. एकदा चारूचा चुकला आणि ती स्वतःलाच हसली. मग यमुताईनं पर्स उघडली. आतून चार घड्या केलेला कागद काढला, तो मांडीवर ठेवून एकेक घडी सरळ केली. तिला त्याला जितका वेळ लावता येईल तितका लावायचा होता, हे गोपिकाला दिसत होतं आणि तिला त्या बाईची दया आली. शेवटी यमुताईनं हात पुढे केला.

"घे. शाळेचा दाखला. हात धुऊन घे आधी, चिखल लागेल त्याला."

पंधरा दिवस गोपिकानं ज्या कागदासाठी भिंती दोनदा रंगवल्या, तो कागद समोर होता. ती हललीसुद्धा नाही.

"त्या संत्र्याच्या खोक्यावर ठेवा, ताई," ती म्हणाली. "आता मले उठता येत नाही."